कंबरेत दीड इंच

भरलेल्या पिस्तुलाचं वजन किलोला थोडंसं कमी भरतं. बाजारात एवढ्या वजनाची पपई हातात घेतली तर कुणी हाशहुश करणार नाही. पण तीच पपई सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत कंबरेला बांधून जिने चढायचे, गाडीत बसायचं, वेळ आली तर पळायचं, आणि वर कंबरेला काहीच नाही असा चेहरा ठेवायचा, हे ज्याचं त्याने करून बघावं. वरदा मोडक हे गेले अडीच महिने करत होती, आणि तिच्या उजव्या कुशीवर तळहाताएवढा काळानिळा डाग पडला होता.

इंग्लंडात साधा पोलीस पिस्तूल बाळगत नाही. सामान्य माणसाने बाळगलं तर त्याची रवानगी सरळ तुरुंगात. मंत्र्यांच्या मागेपुढे साध्या कपड्यांत चालणारे मोजके पोलीस तेवढे बाळगतात, तेही कोटाखाली, कुणाला पत्ता लागू न देता. वरदा अशाच एका तुकडीत नुकतीच आली होती. एका मंत्रीबाईंच्या मागे दोन पावलांवर चालायचं, हे तिचं काम. पहिले तीन महिने परीक्षेचे होते आणि नियम साधा होता, हत्यार दिसता कामा नये. कोटाला फुगवटा आला किंवा मूठ डोकावली की लेखी ताकीद. तीन ताकिदी झाल्या की परत गणवेश चढवून जुन्या ठाण्यावर. वरदाच्या दोन झाल्या होत्या आणि पंधरा दिवस उरले होते. हे काम तिने आठ वर्षं डोक्यात ठेवून मिळवलं होतं, आणि आता ते कंबरेवरून जाणार होतं.

दोष होल्स्टरचा होता, म्हणजे पिस्तूल ज्या म्यानात बसतं त्याचा. ते बनवणाऱ्याने आयुष्यात बाईची कंबर पाहिली नसावी. पाहिली असली तरी मापं घ्यायच्या हेतूने नक्कीच नव्हे. पुरुषाची कूस सरळ खाली जाते, तिथे पिस्तूल मुकाट्याने बसतं. बाईच्या खुब्याचा उंचवटा त्याला खालून बाहेर ढकलतो, मग मूठ वरून बरगडीत घुसते. वरदाने पहिला महिना ते असंच उजव्या कुशीला लावलं. एकदा लिफ्टमध्ये मंत्रीबाईंची फाइल वरच्या वर झेलायला हात उंच केला आणि मूठ दिसली. ताकीद पहिली.

मग तिने ते पाठीला नेलं. तिथे कोटाची पाठ छान झाकायची, पण गाडीत टेकून बसलं की मणक्याला कुणी तरी लाटणं टोचतंय असं वाटायचं. काखेतला पट्टा लावून बघितला, तर डावा खांदा उतरायचा आणि कोटाचं बटण लागायचं नाही. पर्समध्ये ठेवायचं नाही, हा तर पहिल्या दिवसाचा पहिला धडा. म्हणून पुन्हा पाठ.

आणि ईलिंगला एका देवळाच्या वर्धापनदिनाला मंत्रीबाई गेल्या असताना कुणी एक पिकल्या केसांच्या आजी वरदासमोर येऊन म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

वरदा पिनरला जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली, मराठी बोलताना अजूनही तिचं घर 'तो' होतं आणि पुस्तक 'ती'. पण पिकल्या केसांची बाई समोर आली की तिची पाठ आपोआप वाकते. चालायला लागल्यापासून आईने मानेवर हात ठेवून ठेवून ते तिच्या अंगात मुरवलं होतं. ती वाकली, कोट वर सरकला, आणि मागे उभ्या असलेल्या चारपाच जणांना पिस्तुलाची काळी मूठ दिसली. एकाने तर फोटोही काढला. ताकीद दुसरी.

तुकडीचा प्रमुख नील. नावावरून आपल्यातला वाटतो, पण हाडाचा यॉर्कशरचा. त्याने कागद पुढे करत विचारलं होतं, "न वाकता नुसतं हॅलो म्हणता येत नाही का तुला?"

"येतं," वरदा म्हणाली होती, "पण ते मला नंतर आठवतं."

शस्त्रागारातल्या केरीला तिची दया आली असावी. तिने एक नवं होल्स्टर दिलं, पँटच्या आत बसणारं, आणि सोबत निळ्या प्लास्टिकचं नकली पिस्तूल, वजनाने अगदी खऱ्यासारखं. घरी घाल, त्यात जेव, भांडी घास, सोफ्यावर पसर, कुठे बोचतं ते कळेल, असं तिने सांगितलं. फक्त पँट कंबरेत दीड इंच सैल करून घ्यावी लागेल. बाहेरच्या शिंप्याला हे कशासाठी ते सांगायची सोय नव्हती. म्हणून रविवारी सकाळी वरदा दोन चांगल्या पँटी पिशवीत घालून आईकडे पिनरला गेली.

सुलक्षणाबाई अडतीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इथे आल्या. डॉक्टर चार वर्षांपूर्वी गेले. पिनरपासून ईलिंगपर्यंतच्या निम्म्या मराठी आणि गुजराती बायकांचे ब्लाउज त्या घराच्या पुढच्या खोलीत शिवतात आणि कुणाची कंबर कधी किती वाढली याची त्यांना तारीखवार आठवण असते. लेक पोलिसात आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण ती क्रॉयडनच्या एका ऑफिसात टेबलाशी बसून व्हिसाचे कागद तपासते, असं त्या पाच वर्षं समजून होत्या. वरदाने पहिल्यांदा बंदुकीचं प्रशिक्षण घेतलं तेव्हा आईला घोर नको म्हणून हे खोटं सांगितलं होतं. खोटं तसं छोटंच होतं. पण त्यालाही रोज खाऊपिऊ घालावं लागतं, त्यामुळे ते पाच वर्षांत चांगलं अंगाने भरलं होतं.

"आई, ह्या पँटी कंबरेत लूज करून देशील? दीड इंच."

सुलक्षणाबाईंनी टेप काढली आणि स्वेटरवरूनच लेकीच्या कंबरेला लावायला पुढे आल्या. वरदा पटकन मागे सरली.

"माप नको. इट्स फाइन. फक्त दीड इंच सोड."

"दिवाळीला तर एकोणतीस होती."

"गेल्या दिवाळीला, आई."

"मग आता किती आहे?"

"एकोणतीसच आहे."

सुलक्षणाबाईंनी टेप गळ्यात अडकवली. घरात तिसरं माणूस नव्हतं, तरी त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "कितवा महिना?"

"व्हॉट? नो! आई!"

"हे बघ, मी रागावणार नाही. कोण आहे तो एवढं सांग. मराठी नसला तरी चालेल."

"कोणीच नाहीये!"

"म्हणजे, सोडून गेला?"

आता काय करणार? वरदाने स्वेटर वर केला. पँटच्या उजव्या कुशीत ते निळं पिस्तूल खोचलेलं होतं.

सुलक्षणाबाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवला, खाली वाकून नीट पाहिलं आणि पुन्हा सरळ झाल्या. "व्हिसाचे कागद तपासायला हे लागतं?"

"हा खरा नाहीये. प्रॅक्टिसचा आहे. खरा कामावर असतो, लॉक करून." वरदाने स्वेटर खाली ओढला. "मी क्रॉयडनला नाहीये, आई. फाइव्ह इयर्स झाली. आय ॲम सॉरी."

मग तिने सगळं सांगितलं. नाव नाही सांगितलं, पण मंत्रीबाई, कोट, होल्स्टर, ताकिदी, सगळं. सुलक्षणाबाई ऐकता ऐकता पँटीची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"त्या बाईवर कुणी गोळी झाडली तर तू काय करायचं?"

"मध्ये यायचं."

"मध्ये म्हणजे?"

"मध्ये म्हणजे मध्ये, आई."

सुलक्षणाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. वरदाला वाटलं, उठून जावं आणि आईला मिठी मारावी. पण पाच वर्षं खोटं बोलणाऱ्या माणसाने मिठी कुठल्या तोंडाने मारायची, म्हणून ती बसून राहिली. आई चहा घेऊन आली. त्यात साखर नव्हती आणि दोघींनीही तो तसाच प्यायला.

"मूल असतं तर बरं झालं असतं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. आणि कप खाली ठेवून, "ऊठ. कोट घाल आणि चालून दाखव."

पंचेचाळीस वर्षं मशीनवर बसलेल्या बाईसमोर बेढब कपडा आला की तिचं रडू तिथेच थांबतं. वरदा चालली. "एका अंगाने कलतेस, कडेवर पोर घेतल्यासारखी," आई म्हणाली. वरदा बसली. "बरगडीत जातंय ते. तोंड बघ कसं झालंय." मग पाठीला लावून वाकून दाखवलं.

"दिसलं," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"हो ना. म्हणून तर दुसरी वॉर्निंग आली. देवळात एका आजींना नमस्कार केला मी."

सुलक्षणाबाईंचा हात थांबला. "नमस्कार केलास म्हणून तुझी नोकरी जाणार?"

"ऑलमोस्ट."

"ती सवय तर मी लावली."

सुलक्षणाबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि त्यानंतर त्यांचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा झाला. "साताऱ्याच्या मंडईत भाजी विकायला बसतात त्या बायका पैसे कुठे ठेवतात ठाऊक आहे? कुशीला नाही. पाठीला तर नाहीच, चोराची सोय कोण करील? पोटाशी. पुढे, ओच्यात. दिवसभर वाकतात, उकिडव्या बसतात, डोक्यावर पाटी चढवतात, पण कनवटीचं नाणं दिसत नाही का पडत नाही. इकडे ये."

त्यांनी होल्स्टर काढून बेंबीच्या जरा उजवीकडे, पँटच्या आत बसवलं. उभं राहिल्यावर ठीक होतं. बसल्यावर खालचं टोक मांडीला लागलं आणि वरची मूठ पोटापासून सुटून कोटाला ढकलायला लागली. सुलक्षणाबाईंनी ओठांवर बोट ठेवून विचार केला, मग खणातून ब्लाउजमध्ये घालायचा फोमचा एक कप काढला आणि होल्स्टरच्या मागे, खालच्या बाजूला टाचून टाकला. त्या पाचरीने खालचा भाग पुढे आला आणि मूठ मुकाट आत, पोटाला टेकली.

"आई, धिस इज अ ब्रा कप."

"मग? तुमच्या त्या केरीकडे आहे का याहून मऊ काही?"

नव्हतं. मग पँट दीड इंच उसवली. कोटाचं बटण पाऊण इंच सरकलं. कोटाच्या खालच्या घडीत पडद्याला लावतात ती शिशाची वजनं गेली, म्हणजे वाकलं तरी कोट खालीच राहील. चार वाजेपर्यंत मशीन चालू होतं. मग सुलक्षणाबाईंनी लेकीला देव्हाऱ्यासमोर उभं केलं आणि दहा वेळा वाकायला लावलं. देवालाही आठव्या नमस्काराला संकोच वाटला असेल. पुढून, मागून, कुशीवरून, कुठूनही काही दिसलं नाही.

"दुखतंय?"

वरदाने चाचपून पाहिलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं. "नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता रडू नकोस, कोटावर डाग पडतील," सुलक्षणाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाजही काही फार कोरडा नव्हता.

सोमवारी केरीने तो कप उलटसुलट करून पाहिला, वरदाला पिस्तूल तीसेक वेळा काढायला, परत ठेवायला, पळायला, गाडीत बसायला लावलं आणि कागदावर 'फोमची पाचर, मान्य' असं लिहिलं. मग हळूच विचारलं, तुझी आई आणखी दोन करून देईल का, इथे आणखी दोघींच्या बरगड्या गेल्या आहेत.

परीक्षेच्या शेवटच्या शनिवारी मंत्रीबाईंचा कार्यक्रम होता तो नेमका हॅरोच्या एका हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या दिवाळीचा. सुलक्षणाबाई मंडळात वीस वर्षं आहेत, त्यामुळे प्रमुख पाहुण्या कोण ते त्यांना आधीच कळलं होतं आणि लेकीच्या मंत्रीबाई त्याच, हे त्यांनी ताडलं होतं. वरदाने फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "तिथे मी दिसले तर यू डोन्ट नो मी. प्लीज."

"मी तुझी आई आहे, बावळट नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारी तीनला मंत्रीबाई आल्या. दाराशी पंधरावीस बायका रांगेने स्वागताला उभ्या, कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या हातात पेढे. मंत्रीबाई एकेकीशी हात मिळवत पुढे सरकत होत्या, मागे दोन पावलांवर वरदा, पलीकडे नील. रांगेच्या मध्यावर खुर्चीत सुनेत्रा मावशी बसल्या होत्या. वय नव्वदीकडे, नजर मात्र घारीची. मंत्रीबाईंचा हात त्यांनी सोडला आणि मागे बघून मोठ्याने म्हणाल्या, "अगो बाई, सुलक्षणेची वरदा ना गं तू?"

वरदाची पाठ वाकली. तिने त्यांच्या पायांना हात लावला, डोकं टेकवलं. कोट जागचा हलला नाही. आईने शिवलेलं सगळं जिथल्या तिथे राहिलं आणि त्या क्षणी वरदाला इतका आनंद झाला की तिने नमस्कार थोडा जास्तच वेळ केला.

"दार," कानातल्या यंत्रात नीलचा आवाज आला.

ती सरळ झाली. बाजूचं दार उघडं होतं आणि एक अनोळखी माणूस स्टीलचं भलंमोठं पातेलं घेऊन मंत्रीबाईंपासून हाताच्या अंतरावर उभा होता. नील मध्ये शिरला होता. त्या बिचाऱ्याला स्वयंपाकघर हवं होतं. चिवडा होता पातेल्यात. कुणीतरी हसून त्याला वाट दाखवली, मंत्रीबाईंना काही कळलंही नाही. पण नीलने वरदाकडे पाहिलं. कोट, बटण, कप, शिसं, सगळ्याचा विचार झाला होता. वाकलेल्या माणसाची नजर जमिनीवर असते, एवढी साधी गोष्ट मात्र मायलेकींपैकी एकीच्याही डोक्यात आली नव्हती.

रांगेच्या टोकाला, त्याच दारापाशी, सुलक्षणाबाई अत्तराची कुपी घेऊन उभ्या होत्या. पातेलेवाला त्यांच्या समोरूनच आत गेला होता. त्याचं आत जाणं, नीलचं मध्ये शिरणं आणि लेकीचं खाली गेलेलं डोकं, तिन्ही गोष्टी त्यांनी एकदम पाहिल्या होत्या.

मंत्रीबाई त्यांच्यासमोर आल्या. वरदा दोन पावलं मागे. आईची पावलं दिसली, दिवाळीची नवी साडी, त्याखाली ते जुने मोजे, आणि तेहतीस वर्षांची सवय तिच्या मानेवर हात ठेवून दाबायला लागली. दिवाळीत आईला नमस्कार केला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं.

सुलक्षणाबाईंनी मंत्रीबाईंचा हात हातात घेतला, मनगटावर अत्तराचं बोट फिरवलं, आणि त्यांच्याकडेच हसून बघत, मराठीत म्हणाल्या, "वाकू नकोस. दार बघ."

वरदा वाकली नाही. आईच्या डोक्यावरून तिने दाराकडे नजर लावली आणि तिथेच ठेवली. आईचा चेहरा तिला नुसता खाली धूसर दिसत होता.

"औक्षवंत हो," सुलक्षणाबाई म्हणाल्या. आजवर त्यांनी लेकीला 'सुखी राहा' याशिवाय दुसरा आशीर्वाद दिला नव्हता. मंत्रीबाईंना वाटलं हे आपल्यालाच. त्यांनी छान हसून थँक यू म्हटलं आणि त्या पुढे गेल्या. वरदा दोन पावलं मागे ठेवून निघाली. तिने वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी मंत्रीबाईंना घरी पोचवल्यावर नीलने गाडीतच फॉर्म काढला. तीन महिन्यांचा शेवटचा शेरा.

"खुर्चीतल्या आजींसमोर वाकलीस," तो म्हणाला. "दोन सेकंद तू नव्हतीसच तिथे."

"हो. चूक झाली."

"पण अत्तरवाल्या बाईंसमोर वाकली नाहीस. त्यांना ओळखत नव्हतीस?"

"ओळखते."

"कोण त्या?"

"माझी आई."

नीलने फॉर्मवर एक ओळ लिहिली, मग 'तुकडीत कायम' या चौकटीत खूण केली. शेवटचा रकाना रोजच्या त्रासाचा होता. तो त्याने नियमाप्रमाणे वाचून दाखवला, "दिवसभर हत्यार बाळगून कुठे दुखतं का?"

"हत्याराने नाही," वरदा म्हणाली.

नीलने 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.